पहिलं काडतूस कोणी उडवायचं

"...आणि आणखी काय फेकलंस?"

उस्तादांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शार्दूलच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

दोनदा त्यानं सरळ उत्तर दिलं होतं. तिसऱ्यांदा त्याच प्रश्नाला कोण सरळ उत्तर देतो? पण समोर इमाम उस्ताद होते आणि त्यांची मान हलल्याशिवाय काम पुढं सरकणार नव्हतं. म्हणून तो दात आवळून उभा राहिला.

उस्ताद शिकलगार घराण्यातले. बापजादे तलवारींना धार लावायचे. तलवारी गेल्या तशी मिरजेतली भाऊबंद मंडळी सतार-तंबोऱ्यांकडं वळली आणि त्यांचं भलं झालं. हे एकटेच हट्टानं बंदुकीपाशी राहिले. दारावर परवान्याची पाटी, वय पंचाहत्तर, शाळा चौथीपर्यंत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. साहेब असो की शिपाई, न आवडलेला माणूस दोन मिनिटांत पायरीखाली असायचा.

बाकावर, वस्तू आवळून धरणाऱ्या वाइसशेजारी, ते यंत्र उभं होतं. काडतुसं भरायची प्रेस. पन्नास वर्षांमागची, विलायती, हातभर उंच. दांडा खाली ओढला की उडवलेल्या काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी टोपी जळकी होऊन बसलेली असते ती पडते, पुन्हा ओढला की नवी बसते. मग दारू, मग बूच, मग छर्रे, आणि शेवटी तोंड मुडपलं की रिकामं काडतूस पुन्हा भरलेलं. शार्दूलच्या वडिलांनी, दिगंबर बागणीकरांनी, हिच्यावर वीस वर्षं काडतुसं भरली होती. ते गेल्यावर पाच वर्षं ती न्हाणीघराच्या माळ्यावर गंजत पडली.

शार्दूलनं ती चार महिन्यांत जिवंत केली. तो मेकॅनिकल इंजिनियर, पंपाच्या कारखान्यात डिझाइन बघायचा. त्यानं गंज काढला, वाकलेला दांडा सरळ केला, स्प्रिंगा बदलल्या. प्रेस जुन्या कागदी काडतुसांची आणि आता मिळतात ती प्लॅस्टिकची. म्हणून त्यानं लेथवर नवे साचे कातले, तोंड मुडपायचा सहा पाकळ्यांचा दट्ट्या स्वतः आखून बनवला. असं काम पुण्या-मुंबईतही कुणी करून दिलं नसतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि चारचौघांनाही ठाऊक व्हावं असं त्याला वाटत होतं.

तरी मान हलत नव्हती.

त्याची धाकटी बहीण केतकी हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या बंदुकीनं फोडायची. नुसता छंद नव्हे, हात होता तिचा. रविवारी सकाळी राज्याच्या संघाची निवड होती. क्लबाकडं यायची तयार काडतुसं आलीच नव्हती आणि निवडीला शंभर तरी लागणार होती. बंदूक वडिलांची, आता तिच्या परवान्यावर. प्रेसही वडील तिलाच ठेवून गेलेले. तिनं भावाला एक अट घातली होती. दादा, दुरुस्त तू कर. पण उस्तादांनी हो म्हटल्याशिवाय यातलं एकही काडतूस मी बंदुकीत घालणार नाही.

म्हणजे इंजिनियरच्या कामावर चौथी पास माणसाचा शिक्का. गुरुवारची भर दुपार होती आणि शार्दूलच्या डोक्यातून सकाळपासून ते जात नव्हतं.

त्यानं पुन्हा बोटं मोजून सांगितलं. स्प्रिंग धरायला बांधलेली सुतळी फेकली. खिळीच्या जागी ठोकलेला घरगुती खिळा फेकला. सायकलच्या ट्यूबचा कापलेला वायसर फेकला. छर्ऱ्यांच्या डब्याखालची लाकडी पाचर फेकली. सगळा गबाळेपणा होता, सगळा फेकला.

"बेस केलंस," उस्ताद म्हणाले. "दिगूअण्णा आळशी हुता. धाडदिशी खिळा ठोकून मोकळा. मी त्याला दहादा बोललो आसंन."

शार्दूल चपापला. तो भांडायच्या तयारीनं आला होता. म्हातारा 'जुनं ते सोनं' म्हणून गळा काढेल, मग आपण चार शब्द सुनावू, असा त्याचा बेत. इथं तर म्हातारा त्याच्याच बाजूनं बोलत होता. दट्ट्याच्या सहा पाकळ्यांवरून अंगठा फिरवून उस्ताद म्हणाले की असं कातकाम त्यांनी आयुष्यात दोनदा बघितलंय, आणि त्यातलं एक त्यांच्या वडिलांचं होतं.

शार्दूलची छाती जरा फुगली.

"आणखी?"

"बास. एवढंच."

...

उस्तादांनी प्रेसमधली पितळी पट्टी बाहेर ओढली. ही सरकपट्टी म्हणजे प्रेसचं माप. तिला एक आरपार भोक असतं. पट्टी दारूच्या डब्याखाली सरकली की ते भरतं, पट्टी परत आली की तेवढीच दारू काडतुसात पडते. भोकात मावेल तेवढी, ना चिमूटभर कमी ना चिमूटभर जास्त. उस्तादांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. भोकाला डोळा लावला. मग वळून त्या भोकातूनच शार्दूलकडं बघितलं.

शार्दूलनं नजर काढून घेतली.

कारण फेकलेलं एवढंच नव्हतं. त्या भोकात, आतल्या अंगानं गुंडाळून, एक जाड कागद बसवलेला होता. औषधाच्या खोक्याचा, तेलानं काळा पडलेला. साफ करताना शार्दूलनं चिमट्यानं ओढला तेव्हा अर्धा आला, उरलेला त्यानं चाकूनं खरवडून काढला. बाहेर आलेल्या तुकड्यावर बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

हात लावू नये.

ते तीन शब्द वाचले आणि शार्दूलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं सगळं लहानपण या तीन शब्दांखाली गेलं होतं. रेडिओवर चिठ्ठी, हात लावू नये. पंख्याच्या बटणावर, भिंतीवरच्या घड्याळावर, हत्यारांच्या पेटीवर, बंदुकीच्या कपाटावर, सगळीकडं तेच. पोरगा इंजिनियर झाला तरी चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. केतकीला मात्र सोळाव्या वर्षीच नेमबाजीला घेऊन जायला लागले. एकदा त्यानं विचारलं होतं, तिलाच का? बाबा म्हणाले होते, ती विचारते आणि मग हात लावते. तू हात लावतोस आणि मग विचारतोस.

हे त्याला पंधरा वर्षं डाचत होतं. आणि आता माणूस गेल्यावरही भोकात चिठ्ठी. त्यानं तो तुकडा गॅसच्या ज्योतीवर धरला आणि पुरता जळेपर्यंत बघत उभा राहिला. त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

नंतर शंका आली होती, खोटं कशाला बोला. कागद गेला म्हणजे भोक मोठं झालं, भोक मोठं म्हणजे दारू जास्त. पण तो काही अडाणी नव्हता. त्यानं दारू काट्यावर तोलली, प्रेसबरोबर आलेल्या पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून बघितली. तंतोतंत जुळली. पुस्तक पन्नास वर्षांपूर्वीचं होतं आणि हातातल्या डब्यावरच्या दारूचं नाव त्यात कुठंच नव्हतं, हेही त्याला दिसलं होतं. पण रविवार तोंडावर आलेला, चार महिन्यांची मेहनत, आणि डोक्यात ती चिठ्ठी. त्यानं शंकेच्या तोंडात बोळा कोंबला आणि पुस्तक मिटलं.

आता ते सगळं या म्हाताऱ्याला सांगायचं? बापाच्या चिठ्ठीवर राग काढला म्हणून? मुळीच नाही.

"एवढंच फेकलं," तो पुन्हा म्हणाला.

...

"बरं. भर एक."

शार्दूलनं पट्टी जागेवर बसवली आणि भरायला घेतलं. दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. टोपी, दारू, बूच, छर्रे. शेवटच्या ओढीला सहा पाकळ्या एकमेकींत मिटल्या. असं सुबक काडतूस कारखान्यातूनही येत नाही. त्यानं ते उस्तादांच्या तळहातावर ठेवलं.

उस्तादांनी ते फडक्यानं पुसलं, उलटसुलट करून बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. मग भिंतीवरची एकनळी बंदूक काढली. बिजागरीत मोडून उघडलेल्या नळीतून आभाळ बघितलं आणि पुन्हा मिटली. दुकानाच्या मागं वाळूच्या पोत्यांची भिंत होती, तिथं बंदुकांची परीक्षा व्हायची.

शार्दूलनं हात पुढं केला. "द्या इकडं. मीच उडवतो."

"तू न्हवं."

"का? यंत्र माझं, काम माझं. माझ्या कामावर माझा विश्वास आहे."

"ज्याच्यासाठी भरलं, पयलं त्यानं उडवायचं. इथला रिवाज हाय. भनीला बोलीव."

मग मात्र शार्दूलचा बांध फुटला. तो तावातावानं बोलत सुटला. चार महिने त्यानं रविवार बघितला नव्हता. प्रत्येक साचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला होता. इतकं करून एका प्रश्नाचं भूत मानगुटीवर बसवायचं, वर बहिणीला कामावरून बोलवून तिच्यादेखत शोभा करायची, ही कुठली रीत? बाबांच्या वेळेपासून हेच चाललंय. केतकीला विचारा, केतकीला दाखवा, केतकीला द्या. शार्दूलनं फक्त तेल पुसायचं. मी स्वतः गाल लावून उडवायला तयार आहे, म्हणाला, आता याहून काय पाहिजे तुम्हाला?

आणि तो खरंच तयार होता. त्या क्षणी त्याला कुणी तोफ उडवायला सांगितली असती तरी त्यानं उडवली असती.

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

"आवाज खाली. माज्या दुकानात एकच माणूस वरडतो, आन् तो मी हाय. भनीला बोलीव."

शार्दूलनं फोन लावला.

अर्धा तास गेला. उस्ताद एका बंदुकीच्या घोड्याच्या कमानीवर कानस घासत बसले. शार्दूल दारात उभा राहून रस्त्याकडं बघत होता. त्याचा राग निवला नव्हता, पण नुसता उभा राहिल्यामुळं त्याला धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. मधूनच तो बोळा कोंबलेला विचार डोकं वर काढायचा. हा त्याला पुन्हा खाली दाबायचा.

एकदा उस्ताद मान वर न करता म्हणाले, "काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

"नाही."

...

केतकी पोस्टात कामाला होती. जेवणाची सुट्टी धरून ती स्कूटरवरून आली, गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होतं. उस्तादांना सलाम केला आणि सरळ प्रेसपाशी गेली. दांड्यावरून, डब्यांवरून, त्या नव्या दट्ट्यावरून तिनं हात फिरवला. चार महिन्यांत दादानं तिला बघू दिलं नव्हतं. तिचा चेहरा असा उजळला की शार्दूलला भलतीकडं बघावं लागलं.

"दादा, किती सुंदर केलंस रे."

त्यानं फडकं उचललं आणि पुसलेलाच दांडा पुन्हा पुसला.

उस्तादांनी तिला रिवाज सांगितला. तिनं मान डोलावली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्यासाठी भरलेलं आपण उडवायचं, त्यात विचारायचं काय? खिशातून काडतूस काढून उस्तादांनी तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते बोटांत फिरवलं, आणि मग उस्तादांकडं नव्हे, भावाकडं बघितलं.

"तू बघितलंस ना सगळं नीट?"

"हो," शार्दूल म्हणाला.

तोंडातून शब्द गेला. परत घ्यायला त्याला अर्धं मिनिट होतं. त्यानं तो घेतला नाही.

मागच्या अंगणात ऊन रणरणत होतं. केतकीनं ओळखपत्र पाठीवर टाकलं, पाय रोवले, बंदूक मोडली आणि काडतूस नळीत सरकवलं. बंदूक मिटल्याचा खट्ट आवाज झाला. तिनं दस्ता खांद्यात रोवला आणि त्यावर उजवा गाल टेकवला. रोज टेकवते तसा, निर्धास्त. तिचा उजवा डोळा नळीच्या मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर होता. डोळ्याखाली लहानपणी शार्दूलच्याच भोवऱ्याची आर लागल्याची खूण होती.

तिचं बोट घोड्याकडं गेलं.

शार्दूल मधे कधी शिरला हे त्यालाही कळलं नाही. त्यानं नळी धरून वर लोटली आणि बंदूक तिच्या हातातून ओढून घेतली. केतकी कोलमडता कोलमडता वाचली.

"काय झालं?" ती म्हणाली. "दादा, काय करतोस?"

...

"एक कागद होता," शार्दूल म्हणाला.

आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. पट्टीच्या भोकातला कागद, चाकूनं खरवडलेला. त्याच्यावरचे ते तीन शब्द. गॅसवर जाळला ते. जुना तक्ता आणि नवा डबा. शंका आली होती तेही सांगितलं, गिळली तेही सांगितलं. उस्तादांच्या प्रश्नाला किती वेळा खोटं बोललो ते सांगताना त्याचा आवाज फाटला.

केतकी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. शार्दूलनं तिला चिडलेलं बघितलं होतं, पण असं कधी नाही.

"आत्ता मी तुला विचारलं," ती म्हणाली. "तोंडावर विचारलं. तू हो म्हणालास."

"केतकी..."

"राग तुला बाबांचा होता. बंदूक माझ्या गालाला होती."

ती पाठ फिरवून पायरीवर जाऊन बसली. शार्दूलला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. वाळूच्या पोत्यांकडं बघत नुसती धुमसत बसली, आणि ते त्याला जास्त लागलं.

माणसाला स्वतःचा राग फार वेळ सोसत नाही. तो दुसऱ्याच्या गळ्यात टाकायला गळा शोधतो. शार्दूलला समोरच एक सापडला.

तो उस्तादांवर उलटला. तुम्हाला ठाऊक होतं, म्हणाला. पहिल्या प्रश्नापासून ठाऊक होतं. तरी तुम्ही तिच्या हातात काडतूस दिलंत. मी पाऊल उशिरा टाकलं असतं तर? तिचा डोळा गेला असता तर? तुम्ही कसले उस्ताद? तुम्ही तर माझ्याहून वाईट.

उस्तादांनी त्याच्या हातातून बंदूक घेतली. मोडली. काडतूस बाहेर काढलं आणि वाकून फरशीच्या कडेवर ठेचलं. मिटलेलं तोंड उघडलं. आतून वाळू सांडली. नुसती बारीक, चाळलेली वाळू. उलटं करून त्यांनी बूड दाखवलं. टोपी जुनीच, कधीची उडून गेलेली.

मग सदऱ्याच्या दुसऱ्या खिशातून त्यांनी शार्दूलनं भरलेलं काडतूस काढलं आणि फरशीवर उभं केलं.

...

"म्हणजे नाटक केलंत," शार्दूल म्हणाला. "दोघांना वेड्यात काढलंत."

"व्हय," उस्ताद म्हणाले. "भोक आतून नवं दिसत हुतं. पट्टी जुनी, भोक नवं. चाकूचं ओरखाडं दिसत हुतं. कागद गेला हे मला तवाच कळलं. तू कवा सांगतोस, तेवढं बघायचं हुतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या तुटक बोलण्यात सांगितलं. पुस्तकातली दारू बैल होती, आताची घोडं आहे. बैलाचं ओझं लादून घोडं पळवलं की गाडी मोडते. आताची दारू जुन्या मापानं भरली तर नळी फाटते, आणि फाटते ती गालापाशी. दिगूअण्णाला हे माहीत होतं. नवी दारू पहिल्यांदा आली तेव्हा तो आतल्या बाकावर दोन दिवस कागद कापत बसला होता. कापायचा, भोकात बसवायचा, दारू तोलायचा, टाकून द्यायचा. अकरा कागद वाया गेले. बारावा बसला.

"मग तसं लिहायचं ना," शार्दूल म्हणाला. राग अजून होता, पण आता त्याला पाय नव्हते. "कागद का लावला ते लिहायचं. हात लावू नये, हात लावू नये. जन्मभर मला तेच."

उस्तादांनी त्याच्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं.

"तुला? ती चिट्टी तुला न्हवती रं. सोताला हुती. दिगूअण्णाला दिसंल ती चीज उघडून बसायची खोड. घड्याळं मोडली, रेडू मोडला, बायकोचं शिलाईमशीन मोडलं. मग मीच सांगितलं, लिवून ठेव. सोताच्या हाताला सांगत जा."

...

पायरीवरची केतकी वळून बघायला लागली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

शार्दूल तिथंच, वाळू सांडली होती तिथं, खाली बसला. भांडायला आता कोणीच शिल्लक नव्हतं. पंधरा वर्षं ज्या माणसाशी तो मनातल्या मनात वाद घालत होता, त्या माणसाला तो भेटलाच नव्हता. ही गोष्ट सांगायलाही तो माणूस आता नव्हता. शार्दूलला स्वतःचीच चीड आली, आणि ती चीड ओतायला कुठलं भांडं सापडेना.

 उस्तादांनी आत जाऊन शार्दूलचं काडतूस वाइसमध्ये हलकं धरलं, तोंड उघडून छर्रे वाटीत ओतले आणि दारू एका कागदावर मोकळी केली. मग केतकीला विचारलं, जेवणाची सुट्टी कधी संपते.

ती उठून उभी राहिली. म्हणाली, आजची रजा टाकते. आणि रविवारची निवड सोडायची नाही. पण दादाच्या हातचं काडतूस मी उडवणार नाही. उस्ताद, तुम्ही कागद कापा, तुम्हीच भरा. हे सांगताना तिनं भावाकडं बघितलं नाही.

"मी न्हाई भरणार," उस्ताद म्हणाले. "ह्यो भरंल. समदी शंभर ह्योच भरंल."

 केतकीनं आत जाऊन स्टूल ओढला, तो प्रेससमोर बरोबर दोन हातांवर ठेवला, आणि हाताची घडी घालून त्याच्यावर बसली. चेहरा अजून तसाच तापलेला होता. पण ती गेली नाही.

उस्तादांनी कपाटातून औषधाचं एक रिकामं खोकं काढलं, कात्री काढली, शार्दूलला आत बोलावलं आणि दोन्ही त्याच्यापुढं ठेवलं.

शार्दूलनं कात्री उचलली. खोक्याला लावली. पातं पुठ्ठ्यावर टेकलं आणि घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. त्यानं कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हात उस्तादांसमोर पसरले. दहाही बोटं हलत होती.

"माझ्याकडून नाही व्हायचं उस्ताद," तो म्हणाला. "बघा तुम्हीच. हात कापताहेत माझे. असल्या हातांनी तिची काडतुसं भरू?"

उस्तादांनी त्या हातांकडं नीट बघितलं. भोकातून बघितलं होतं त्याहून जास्त वेळ बघितलं.

...

"कापू देत. मगाशी कापत न्हवते, तवा मला भ्या वाटलं."